निमुळत्या जागेतलं मालगोदाम: अकरा गाळ्यांचे सहा कसे झाले

प्रकरण एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, मॉडेल रेल्वेच्या एका लेआउटवरचं आहे. मालाच्या साइडिंगमागे (साइडिंग म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ), रूळ आणि बॅकड्रॉप, म्हणजे मागचा देखाव्याचा पडदा, यांच्यामध्ये, पाचरीसारखी एक पट्टी बरेच दिवस रिकामी होती. साइडिंग ३३० मिमी सरळ जाते आणि मग ७६० मिमी त्रिज्येने पाहणाऱ्याच्या बाजूला, मुख्य मार्गाकडे वळते. इमारतीच्या एका टोकाला रुळाच्या मध्यरेषेपासून बॅकड्रॉप १३० मिमी मागे आहे. वळणाकडच्या टोकाला तेच अंतर ७८ मिमी भरतं.

लेआउटच्या मालकांना तिथे विटांचं मालगोदाम हवं होतं, तेही त्यांच्याकडच्या एका जुन्या अमेरिकन फोटोतलंच. लांबलचक बैठी इमारत, एका टोकाला कचेरी, पुढे ओळीने दहा सरकते दरवाजे, समोर मालाचा फलाट. फोटो तिरका, कचेरीच्या बाजूने काढलेला. आराखडा नाही, मोजमापं नाहीत. तयार किटांचा पाया बहुतेक काटकोनी असतो आणि अशा इमारतीची खरी खोली इथे मावतच नव्हती. किट कापून बसवता आलं असतं, पण मग फोटोतलं गोदाम उरलं नसतं. त्यामुळे सगळं स्टायरीन या प्लास्टिकमध्ये कोऱ्या शीटपासून करायचं ठरलं.

विटा मोजून माप

फोटोवरून माप काढताना लोक आधी डब्याकडे बघतात. या फोटोतही फलाटाला ४० फुटी बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबा, लागलेली होती. पण डबा कॅमेरा आणि भिंतीच्या मध्ये, भिंतीच्या बराच पुढे उभा असतो आणि म्हणून मोठा दिसतो. त्याच्या लांबीने भिंत मोजली की भिंत लहान भरते. फोटोतल्या माणसावर तर विसंबूच नये, तो पाच फुटी आहे की सहा, कोणाला ठाऊक? भिंतीचं माप भिंतीतच असतं. अमेरिकेतल्या साध्या विटेचे तीन थर दर्जेसकट, म्हणजे विटांमधल्या सांध्यासकट, ८ इंच भरतात आणि एक वीट दर्जेसकट ८ इंच लांब. शिवाय या भिंतीत दर सहावा थर हेडरचा होता, म्हणजे विटांची टोकं बाहेर दिसतील अशा घातलेल्या. फोटो मोठा केल्यावर सुटे थर पुसट झाले, पण हेडरच्या रेघा कचेरीच्या कोपऱ्याजवळ स्पष्ट दिसत होत्या. सहा थर म्हणजे १६ इंच. फलाटापासून वळचणीपर्यंत असे नऊ पट्टे, म्हणजे १२ फूट. दरवाजा सहा पट्ट्यांचा, ८ फूट. दरवाजावर बारा विटा, म्हणजे रुंदीही ८ फूट. दोन दरवाजांमधला खांब साडेआठ विटांचा. एक गाळा झाला १३ फूट ८ इंचांचा. कचेरीकडची भिंत पंचेचाळीस विटांची, म्हणजे इमारत ३० फूट खोल.

एचओमध्ये एका फुटाला ३.५ मिमी. गाळा ४८ मिमी, दरवाजा २८ बाय २८, भिंत ४२ मिमी उंच, खोली १०५. आणि कचेरी धरून अकरा गाळ्यांची पूर्ण लांबी ५२६ मिमी, तीही जेमतेम ३३० मिमीच्या सरळ भागासमोर.

विटांच्या शीटबद्दल इथेच एक सांगून टाकतो. एचओत विटेचा थर ०.७८ मिमी यायला हवा. पाकिटावर एचओ लिहिलेल्या शीटवरही कॅलिपर लावून दहा थर मोजावेत, ते ७.८ मिमी असायला हवेत. थर ०.९ चा निघाला तर चौपन्न थरांची भिंत ४२ ऐवजी साडेअठ्ठेचाळीस मिमी होते. मग उंची कापली तर थर कमी पडतात आणि थर राखले तर भिंत वाढते.

लहान करायचं म्हणजे काय करायचं

मालकांचा पहिला प्रस्ताव सरळ होता. "सगळंच एका प्रमाणात लहान करा ना. लांबी, उंची, दरवाजे, सगळं. मग बेढब दिसायचा प्रश्नच नाही."

"दरवाजा साडेचार फुटांचाही राहणार नाही," मी म्हटलं. "हमाल वाकून आत जाईल."

बोलून पटण्यातली गोष्ट नव्हती. ५२६ चे २८८ करायचे तर प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर येतं. तेवढा दरवाजा पुठ्ठ्यावर काढून, कापून, साइडिंगवरच्या बॉक्सकारशेजारी उभा केला. गोदाम एकटं टेबलावर असतं तर खपून गेलं असतं. डब्याशेजारी ते मुलांच्या खेळातलं दिसत होतं.

माझं मत या बाबतीत पक्कं आहे. माणसाचा हात, पाय आणि खांदा जिथे लागतो ते माप बदलायचं नाही. दरवाजा, पायरी, कठडा, फलाटाची उंची, वीट ही सगळी खऱ्या मापाची. छाट द्यायची ती संख्येला. अकरा गाळ्यांचे सहा करा, पण गाळा ४८ मिमीचाच ठेवा. पाहणारा दरवाजे मोजत बसत नाही, दरवाजाशेजारचा माणूस मात्र त्याला लगेच खटकतो. या गोदामाची रचना अशा छाटणीला सोयीचीही होती. दर दोन दरवाजांमध्ये भिंतीतून थोडा पुढे आलेला वीटखांब होता, त्यामुळे मधले गाळे काढले तरी कुठे काय तोडलं हे कळणार नव्हतं. कचेरीचा एक आणि दरवाजांचे पाच, सहा गाळे ठरले. २८८ मिमी इमारत आणि तिच्यापुढे फलाटाचा ४२ मिमीचा उतार, सरळ भाग तिथे संपतो.

अजिबात छाट न देणारेही आहेत. इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयात १:७६ प्रमाणातली गावातली घरं आहेत. खऱ्या इमारतींची मापं घेऊन, बरीचशी पुठ्ठ्यातून केलेली. तिथे घर तेवढंच, जेवढं होतं. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा मॉडेल रेल्वेवाला जॉन अ‍ॅलन. त्याच्या गोर अँड डॅफेटिड लेआउटवर मागच्या वस्तू मुद्दाम लहान केलेल्या असत आणि जागा वाढवायला आरसे लावलेले. आरशाचा विचार इथेही झाला, निमुळत्या टोकाला लावून इमारत लांब दाखवायचा. पण ते टोक पाहणारे उभे राहतात त्या वाटेकडे तोंड करून आहे. आरशात गोदामाऐवजी पाहणाऱ्याचा शर्ट दिसला असता.

छपराची तिरकी रेघ

पुठ्ठ्याचा मॉकअप जागेवर ठेवला आणि खरी अडचण समोर आली. ती कागदावर मला दिसली होती, पण इतकी वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

रुळाच्या मध्यापासून फलाटाची कड २२ मिमीवर, फलाट २८ मिमी रुंद, म्हणजे भिंत ५० मिमीवर. कचेरीच्या टोकाला भिंतीमागे ८० मिमी उरतात, दुसऱ्या टोकाला २८. छप्पर दुपाखी. आढं समोरच्या भिंतीपासून अर्ध्या खोलीवर, साडेबावन्न मिमीवर. कचेरीकडे आढं पूर्ण दिसतं, त्यामागे उतरत्या पाख्याचा तुकडाही दिसतो. पण इमारत पुढे जाते तसा बॅकड्रॉप जवळ येतो आणि साधारण मध्यावर तो आढ्यालाच गाठतो. तिथून पुढे छपराची वरची कड ही आढ्याची रेघ राहत नाही. पाखं जिथे बॅकड्रॉपला चिकटतं ती तिची कड होते. ३० अंशांच्या उतारावर आढं वळचणीच्या ३० मिमी वर असतं. शेवटच्या टोकाला पाखं २८ मिमीतच तुटतं, म्हणजे उंची फक्त १६ मिमी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर गोदाम अर्ध्यातून पुढे खचत चाललंय असं दिसत होतं.

उपाय तीन दिसत होते. बॅकड्रॉप थोडा मागे सरकवायचा, पण त्यामागे भिंत होती. छप्पर सगळं सपाट करायचं, पण मग फोटोतल्या गोदामाची ओळखच गेली. तिसरा उपाय अशा इमारतींच्या इतिहासातच होता. लांब मालगोदामांत आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून मध्ये विटांची आडवी भिंत घालत आणि ती छपराच्याही वर काढत. शिवाय ही गोदामं एका दमात बांधलेली नसत. धंदा वाढला की टोकाला नवा तुकडा जोडला जाई आणि तो बहुतेक वेळा साधा, सपाट छपराचा असे.

मग पहिले तीन गाळे, १४४ मिमी, मूळ इमारतीचे, दुपाखी छपराचे. त्या जागी भिंतीमागची खोली ५४ मिमी आहे, म्हणजे आढं दीड मिमी राखून मावतं. तिथे फायरवॉल, पाख्यापेक्षा ३ फूट वर काढलेली. पुढचे तीन गाळे नंतरच्या काळातले, समोर कठडा आणि त्यामागे किंचित मागे उतरलेलं सपाट छप्पर. कठड्याची वरची कड समतल, सरळ. छप्पर बॅकड्रॉपला कुठे आणि कसं भिडतं ते कठड्यामागे लपलं. आढं संपल्याचं कारणही डोळ्यांना मिळालं.

मालकांना हे लगेच रुचलं नाही. फोटोत एकच अखंड छप्पर होतं आणि त्यांनी ते बोट ठेवून दाखवलं. मी दोन्ही मॉकअप जागेवर ठेवून दिले आणि विषय काढला नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा अखंड छपराचा मॉकअप जागेवरून उचलून फळीवर ठेवलेला होता.

वळणाआधीचा धक्का

४० फुटी डबा सुमारे १० फूट रुंद, एचओत ३५ मिमी. मध्यापासून साडेसतरा. २२ मिमीवर फलाट म्हणजे मध्ये साडेचार मिमीची फट, खऱ्या मापात सव्वा फुटाच्या आसपास. खऱ्या फलाटावर एवढ्या फटीवर लोखंडी पत्रा टाकून हातगाड्या नेत. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा, रुळाशेजारची मोकळी जागा तपासायचा गेज सरळ रुळासाठी असतो, वळणावर डबा किती बाहेर येतो ते त्यात धरलेलं नसतं. पण आपला फलाट सरळ भागातच संपतो, मग वळणाशी काय संबंध?

संबंध आहे. डब्याची पुढची बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा संच, वळणावर शिरली की सगळा डबा मागच्या बोगीभोवती फिरतो. मागच्या बोगीमागचं टोक अजून सरळ रुळावर असतं आणि ते उलट्या दिशेला, म्हणजे इथे फलाटाकडे, फेकलं जातं. किती, ते ढोबळपणे काढता येतं. बोगीच्या मध्यापासून डब्याच्या टोकापर्यंतची लांबी गुणिले बोग्यांमधलं अंतर, भागिले त्रिज्येची दुप्पट. ४० फुटी डब्याला बोग्यांमध्ये १०७ मिमी आणि टोकाला साडेअठरा. धक्का सव्वा मिमीच्या आसपास, काळजी नाही. पण ८५ फुटी प्रवासी डब्याला बोग्यांमध्ये २०८ आणि टोकाला साडेचव्वेचाळीस. त्याचा धक्का ६ मिमी होतो आणि फट आहे साडेचार.

मालसाइडिंगवर प्रवासी डबा येणार नाही, असं मालक म्हणाले. लेआउटवर पाहुणे गाडी चालवायला आले की काय काय कुठे जातं हे मी पाहिलेलं आहे. म्हणून सगळ्यांत लांब डब्याच्या कोपऱ्याला पेन्सिलीचा तुकडा उभा चिकटवला, रुळाशेजारी कागद पसरला आणि डबा हाताने हळू ढकलला. सरळ रुळालगत पेन्सिल सरळ रेघ ओढत गेली. वळण सुरू होण्याच्या सुमारे ७० मिमी आधी ती साडेचार मिमीच्या खुणेबाहेर गेली, आणि मग वळणाबरोबर परत आत आली. आकडेमोडीतही जवळपास तेवढंच आलं होतं. फलाटानंतरचा उतार शेवटच्या ४२ मिमीत आहे, म्हणजे फलाटाचे साधारण ३० मिमी धोक्यात होते. पूर्ण फलाट मागे घेतला असता तर बॉक्सकारपुढे मोठी दरी पडली असती. फक्त शेवटच्या ४० मिमीत फलाटाची कड तिरकी घेत ३ मिमी मागे नेली. ते तिरकं कापलेलं टोक फलाटाच्या लाकडी फळ्यांत दिसतं आणि खऱ्या जागीही अशी तडजोड झाली असेल असं वाटतं.

फलाटाच्या उंचीबाबत एक सापळा असतो. डब्याची फरशी रुळाच्या माथ्यापासून मोजतात, पाटापासून, म्हणजे लेआउटच्या पायाच्या फळीपासून नाही. कोड १०० चा रूळ अडीच मिमी उंच, खाली स्लीपर, त्याखाली कॉर्क. इथे रुळाचा माथा पाटापासून साडेनऊ मिमी वर होता. फलाट रुळापासून १३ मिमी हवा तर पाटापासून साडेबावीस.

गाळा हेच एकक

भिंतीचा गाभा १ मिमी साधं स्टायरीन, त्यावर विटांचं शीट. लांब भिंत एका तुकड्यात कापून पाच दरवाजे कोरण्याऐवजी मी गाळागाळ्याने केली. प्रत्येक गाळ्याचं पॅनेल ४८ मिमी, त्यात दरवाजाची जागा. खालचा थर प्रत्येक पॅनेलवर एकच धरला, म्हणजे जोडल्यावर विटांच्या रेघा जुळतात. पॅनेलचे सांधे वीटखांबांखाली गेले. दरवाजाची जागा कापताना चारही कोपऱ्यांवर आधी छिद्र पाडलं आणि सुरी कोपऱ्याकडून मध्याकडे ओढली. मध्याकडून कोपऱ्याकडे ओढली की ती पुढे निसटते आणि तो काप विटांवर कायम दिसत राहतो.

स्टायरीन पूर्ण कापायचं नसतं. दोनतीनदा हलका ओरखडा द्यायचा आणि मोडायचं, तुकडा सरळ येतो. जोर लावून एका दमात कापलं की कड वर उचलते आणि सांधा कधीच नीट बसत नाही. दोन शीटं एकमेकांवर चिकटवताना खरी काळजी असते. सॉल्व्हंट प्लास्टिक वितळवतो आणि मग उडून जायला वाट शोधतो. मोठ्या पृष्ठभागांमध्ये तो अडकला की आठवड्यांनीही भिंत कमानीसारखी वाकते. गाभ्याच्या शीटला मागून छिद्रं पाडली, सॉल्व्हंट कडेकडेने बारीक ब्रशने सोडला, आणि आतून ६ मिमी चौकोनी पट्ट्यांची चौकट बसवली. सगळ्या बाजूंनी बंद झालेल्या पोकळीलाही एक छिद्र ठेवलं. तयार भिंती गुण्याला (काटकोनाच्या पट्टीला) लावून, वजनाखाली, रात्रभर ठेवल्या.

कोपऱ्यावर दोन्ही भिंती ४५ अंशात घासून जोडल्या. जोडल्यावर विटांच्या रेघा कोपऱ्यावर तुटतात. तिथे रेझर सॉने, म्हणजे पातळ पात्याच्या बारीक करवतीने, प्रत्येक थराची रेघ कोपऱ्याभोवती फिरवून घ्यावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण मॉडेलकडे जवळून पाहणारा नजर आधी तिथेच टाकतो.

दरवाजे खाचांच्या शीटचे, वर पट्ट्यांची चौकट आणि एक तिरकी पट्टी. पाचही एकसारखे यावेत म्हणून पट्ट्या कापायला लाकडावर थांबा ठोकून साचा केला. एक दरवाजा अर्धा उघडा ठेवला आणि आत दिसेल तेवढीच फरशी आणि दोन खोकी. बाकी आत काही नाही.

छप्पर आणि रंग

लेआउट डोळ्यांच्या बराच खाली आहे, त्यामुळे या इमारतीत छप्पर भिंतीपेक्षा जास्त दिसतं. मूळ भागावर डांबरी कागदाच्या पट्ट्या दाखवल्या. ३ फुटी गुंडाळ्याची पट्टी साडेदहा मिमी होते. पातळ कागदाच्या पट्ट्या वळचणीपासून वर, एकमेकींवर किंचित चढवत. प्रत्येक पट्टीचा राखाडी रंग जरा वेगळा ठेवला. एकाच डब्यातल्या रंगाने सगळं छप्पर रंगवलं की ते प्लास्टिकच दिसतं. सपाट छपरावर कठड्याच्या आतल्या बाजूने डांबराची काळी पट्टी वर चढवली.

विटांवर लालसर तपकिरी मॅट रंग, मग पातळ केलेला फिकट राखाडी ॲक्रिलिक आणि लगेच सपाट फडक्याने पुसून. खाचांत उरतो तो दर्जेचा रंग. नव्या भागाच्या विटा मुद्दाम अर्ध्या छटेने वेगळ्या ठेवल्या आणि दर्ज थोडी उजळ केली. दोन भाग दोन काळांतले आहेत हे सांगायला तेवढं पुरलं.

दिवा एकच, कचेरीत. १२ व्होल्टवर पांढरा एलईडी आणि १ किलोओहम रेझिस्टर, करंट ९ मिलिअँपिअर, आणि तेवढा उजेड भरपूर. रंगकामाआधी आतून सगळं काळं केलं होतं. नाहीतर स्टायरीनमधून उजेड झिरपतो आणि आख्खी भिंत कंदिलासारखी पेटलेली दिसते.

जागेवर बसवल्यावर

फलाट पाटाला पक्का आहे, इमारत वरून उचलता येते. तिचा पाया फलाटाच्या मागच्या कडेत अर्धा मिमी खाली उतरतो, त्यामुळे भिंतीखाली काळी फट दिसत नाही. रूळ साफ करायला आणि दिव्याची तार बघायला हे लागतंच.

८५ फुटी डबा दोन्ही दिशांनी, दोन्ही टोकं पुढे करून फिरवला. कुठे घासला नाही. बॉक्सकार दरवाजांसमोर बरोबर लागतात. तीन गाळ्यांची लांबी १४४ मिमी आणि डबाही जवळपास तेवढाच, म्हणून दोन डबे लावले की पूर्ण दर्शनी भाग भरून जातो. दहा दरवाजे असते तर तीनाहून जास्त डबे लागले असते. साइडिंगवर एवढी जागा मुळात नव्हतीच, म्हणजे सहा गाळे गाडीच्या दृष्टीनेही योग्य निघाले.

एक कोन अजून जमलेला नाही. वाटेच्या अगदी टोकाला उभं राहिलं की २८ मिमी खोलीची शेवटची भिंत दिसते आणि गोदाम किती पातळ आहे ते उघड होतं. तिथे पाण्याची टाकी ठेवून पाहिली, पण तिचे पाय साइडिंगच्या फार जवळ येतात. मालकांना तिथे तारेचा खांब आणि जुन्या स्लीपरांचा ढीग हवा आहे. ढिगाची उंची भिंतीच्या अर्ध्यापर्यंत आली तर चालेल असं दिसतं. पुठ्ठ्याचा एक ढीग सध्या तिथे ठेवलेला आहे.